आधी रेंज, मग इमारती

आज आमच्या नेमबाजीच्या रेंजच्या नव्या शेजाऱ्यांबरोबरच्या बैठकीत पुन्हा तेच, "रेंज बंद करा." अहो, घर बघायला आलात तेव्हा तो मातीचा उंच बांध दिसला नाही का? सगळ्या गोळ्या तोच पोटात घेतो. आवाजाचं गाऱ्हाणं मात्र मला पटतं. पण पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक नळीच्या बंदुकीची, मॅचची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर जाते, म्हणजे ध्वनीच्या ३४० च्या आतच, त्यामुळे हवेत तो 'कडाड्' होत नाही. कान किटतात ते मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, बंदुकीने. ती रविवारी सकाळी नको, हे मीच मांडलं. तरी एक काका म्हणालेच, "आमचा कुत्रा घाबरतो." आता त्याला कोण समजावणार! शनिवारी सगळ्यांना रेंजवर बोलावलंय. इअरमफ आमच्याकडून.