ब्रेक नसलेली सायकल

मैदानावर नाव कमावलेल्या मुलीला खेळाचे सर आठवावेत, असंच कुणालाही वाटेल. मला धावण्याकडून सायकलीकडे वळवलं ते सरांनीच, ते ऋण आहेच. पण ट्रॅकवरची सायकल मला समजली ती गणिताच्या बाईंमुळे.

शाळा सुटल्यानंतरची गोष्ट. कोणता गिअर लावावा ते उमगेना, म्हणून बाईंकडे गेले. त्यांनी वही पुढे ओढली. पुढच्या चकतीला ५० दाते, मागच्या चकतीला १४. पेडलची एक फेरी झाली की चाक साडेतीन फेऱ्यांहून थोडं जास्त फिरणार. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, म्हणजे पायाच्या एका फेरीत साडेसात मीटर. ‘मग २०० मीटरला किती?’ सत्तावीस, मी म्हणाले. ‘आणि ते अंतर अकरा सेकंदांत कापायचं तर?’ मिनिटाला जवळजवळ १४७ फेऱ्या! एवढ्या वेगाने पाय फिरवायचे तर सराव कशाचा करायचा, ते त्या पानावरच कळलं.

या सायकलीला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं, पाय मोकळे सोडता येत नाहीत. ट्रॅक बहुधा २५० मीटरचा, वळणावर भिंतीसारखा उभा चढलेला. स्प्रिंट नावाच्या शर्यतीत दोघी उतरतात, आणि नवख्या प्रेक्षकाला पहिला धक्का बसतो तो इथे: कुणीच पळत नाही! मागे राहणारीला पुढचीच्या आडोशाने वारा कमी लागतो, शिवाय तिची प्रत्येक हालचाल दिसते. म्हणून प्रत्येकीला दुसरी पुढे हवी असते. कधी कधी तर दोघी जागच्या जागी तोल सांभाळत उभ्या राहतात. मांड्या थरथरत असतात, मान मागे वळलेली, नजर प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या चाकावर. मला या खेळाने वेड लावलं ते याच क्षणांनी. वेग पुष्कळांकडे असतो, थांबण्याची हिंमत थोड्यांकडे.

ती हिंमत मी ऑस्ट्रेलियाच्या ॲना मेअर्समध्ये पाहिली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने ५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. जानेवारी २००८मध्ये लॉस एंजेलिसच्या विश्वचषक शर्यतीत ती पडली आणि मानेचा मणका मोडला. त्यानंतर सात महिन्यांनी बीजिंगला स्प्रिंटचं रौप्य! अंतिम फेरीत तिला हरवणारी व्हिक्टोरिया पेंडल्टनच २०१२मध्ये लंडनच्या अंतिम फेरीत समोर आली, तीही घरच्या प्रेक्षकांसमोर. दुसऱ्या शर्यतीत मेअर्सने सायकल जवळजवळ थांबवली, पेंडल्टनला पुढे जाणं भाग पाडलं आणि मग मागून उसळी घेऊन सुवर्ण नेलं. ती शर्यत मी इतक्यांदा पाहिली आहे की दोघींची कुठली हालचाल कधी येते ते डोळे मिटून सांगेन. २०१६च्या रिओ ऑलिंपिकनंतर मेअर्स निवृत्त झाली.

माझी कारकीर्द त्या उंचीची नव्हे. पदकं मिळाली, काही अगदी चाकाच्या रुंदीने हुकली. पुढे उभ्या जागेवरून सुटतानाची पहिली अर्धी फेरी जड जाऊ लागली, गुडघा कुरकुरू लागला, आणि मी थांबले. आता मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी सायकलीला हात लावू देत नाही. आधी वही काढायला सांगते आणि दाते मोजायला लावते.

आपल्या शाळेतल्या कुणाला ट्रॅकवर यावंसं वाटलं तर जरूर या. सायकल माझ्याकडे आहे, वही तेवढी घेऊन या.