सासूबाईंची बोरमाळ, पोलिसांची लगड आणि कोर्टातला ‘से’

चोर सापडायला जेवढा वेळ लागला त्याच्या कितीतरी पट वेळ चोराकडून मिळालेलं सोनं आमच्या हातात यायला लागला, आणि गंमत म्हणजे कोणाचीच हरकत नव्हती. पोलिसांची नाही, सरकारी वकिलांची नाही, आरोपी तर म्हणतो मी माळ चोरलीच नाही, मग त्याची कसली हरकत. तरी तारीख. परत तारीख. हे सगळं डोक्यात इतकं बसलंय की लिहून टाकल्याशिवाय जाणार नाही, आणि ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना थोडा उपयोगही होईल.

झालं असं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून मी आणि सासूबाई घरी येत होतो, बिल्डिंगच्या गल्लीतच, आणि मागून बाईकवर दोघं आले. मागे बसलेल्याने आईंच्या गळ्यातली बोरमाळ ओढली. मानेवर ओरखडा, वाणाची पिशवी रस्त्यात, आणि मी आपली नंबर प्लेट बघतेय तर तिला चिखल फासलेला. पण मागच्याने वळून बघितलं तेव्हा दिव्याखाली त्याचं तोंड नीट दिसलं. त्यामुळे सासूबाई फिर्यादी आणि मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार.

एफआयआरचं फार सांगत नाही, ती त्याच रात्री झाली. सुरुवातीला ‘गल्लीचं ते टोक आमच्या हद्दीत येतं का बघावं लागेल’ असं सुरू झालं होतं, पण १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा आलाय (बीएनएसएस, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) त्याच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यायची आणि मग पाठवायची तिकडे पाठवायची. हे मी शांतपणे सांगितलं आणि विषय संपला. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. आणि दागिन्याचं वजन लिहायला लावा! ड्युटीवरचे साहेब ‘सोन्याची माळ अंदाजे दीड लाख’ एवढंच लिहित होते, मी घरून नवऱ्याला फोटो काढून पाठवायला सांगितला, आईंनी काही वर्षांपूर्वी दादरच्या सोनाराकडून बोरमाळ परत गाठवून घेतली होती त्याची चिठ्ठी, तिच्यावर वजन २२.४०० ग्रॅम. ते लिहून घेतलं. या चिठ्ठीनेच पुढे आम्हाला तारलं, आणि आधी अडकवलं पण तिनेच, ते सांगते.

जबाब द्यायला पोलीस स्टेशनात या म्हणून दुसऱ्या दिवशी फोन आला. बाईमाणसाला जबाबासाठी स्टेशनात बोलवता येत नाही, घरी यावं लागतं, आणि साठीच्या पुढच्या कोणालाही तसंच (कलम १७९). मी म्हटलं आई सदुसष्टच्या आहेत, तुम्ही या, चहा करते. आले बिचारे, काही वाद नाही. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तुमची सही घेत नाहीत, घ्यायचीच नसते, त्यामुळे सही मागितली नाही म्हणून घाबरू नका, पण काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणा.

दोन-अडीच महिन्यांत सीसीटीव्हीवरून दोघं पकडले गेले. या पोलिसांचं मला खरंच कौतुक आहे. मग ओळख परेडसाठी मला तुरुंगात जावं लागलं, मोबाईल बाहेर जमा, आत एकाच वयाची आणि अंगाची माणसं ओळीने उभी, त्यातून ओळखायचं. त्याच्या आधी एका हवालदाराने सहज म्हणून ‘ताई, हाच का बघा’ करत मोबाईल पुढे केला होता, मी तोंड फिरवलं. फोटो आधी दाखवला असं उद्या कोर्टात निघालं तर परेडला काडीची किंमत राहत नाही. तुम्हालाही कोणी दाखवला तर बघू नका.

आता मुख्य.

बोरमाळ मिळाली नाही. मिळाली ती लगड. चोराने माळ ठाणे जिल्ह्यातल्या एका सोनाराला विकली, त्याने ती वितळवली, आणि पंचनाम्यात आलं ‘पिवळ्या धातूची लगड, वजन १३.६०० ग्रॅम’. पोलीस कधीच ‘सोन्याची’ लिहित नाहीत, पिवळ्या धातूचीच लिहितात. मला हे कळल्यावर आईंना सांगायचं कसं हाच प्रश्न होता कारण ती माळ त्यांच्या आईची. त्या एवढंच म्हणाल्या, ‘सोनं तरी आपलं आहे ना ते, आणा.’

आणायला काय करावं लागतं? मुद्देमाल (म्हणजे गुन्ह्यात पोलिसांनी जप्त केलेली वस्तू) परत मिळण्याचा अर्ज कोर्टात करायचा. पोलीस स्वतःहून देत नाहीत. (कधीकधी २ जानेवारीला, महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाच्या आठवड्यात, कार्यक्रम करून लोकांना ऐवज परत देतात, फोटोबिटो छापून येतात, पण त्याच्या मागे सुद्धा कोर्टाची ऑर्डर असते.) अर्ज एक पानाचा. सोबत एफआयआर, आधार, ती चिठ्ठी, आणि माझ्या लग्नातला आईंचा बोरमाळ घातलेला फोटो. मॅजिस्ट्रेट म्हणाले, आयओ (तपास करणारा पोलीस अधिकारी) आणि सरकारी वकील यांचा से मागवा. से म्हणजे त्यांचं म्हणणं काय ते लेखी. मला वाटलं आठवड्याचं काम.

पहिल्या तारखेला से नाही. दुसऱ्या तारखेला से नाही, आयओ गणपती बंदोबस्तात. मग देवी. मग आयओंचीच बदली झाली आणि नवीन आले ते म्हणाले मॅडम मला आधी केस डायरी वाचू दे. एका तारखेला मॅजिस्ट्रेट साहेबच रजेवर, तर सकाळपासून बसून दुपारी कळलं की नुसती तारीख घेऊन जायचं. आणि दरवेळी मी ऑफिसातून अर्धी रजा काढून जाणार, बाकावर बसणार, बोर्डावर आपला नंबर शोधणार, पुकारा झाला की आत जाणार, क्लार्क न बघता विचारणार ‘से आला का?’ आणि मी काय सांगू, मी थोडीच पोलीस आहे.

शेवटी बाकावरच्या एका काकांनी शहाणपणाची गोष्ट सांगितली (त्यांची रिक्षा मुद्देमालात पोलीस स्टेशनच्या आवारात सडत होती). म्हणाले, ताई, आयओच्या मागे लागू नका, पैरवी हवालदार धरा. प्रत्येक पोलीस स्टेशनचा एक माणूस रोज कोर्टात असतो, कागद इकडचे तिकडे तोच नेतो. मी त्यांना शोधलं. साठ-सत्तर कागद कोंबलेली रेक्झिनची काळी बॅग, चेन तुटलेली, वर रबर बँड. त्यांनी तिथेच व्हरांड्यात बॅग गुडघ्यावर ठेवून शोधलं आणि कोर्टाचं से मागवणारं पत्र त्यातच निघालं. ते पोलीस स्टेशनला पोचलंच नव्हतं! म्हणजे मधल्या सगळ्या तारखा आम्ही ज्या उत्तराची वाट बघत होतो त्याचा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. हवालदार काका मनाने चांगले, ओशाळले, म्हणाले उद्याच्या उद्या देतो. आणि दिलं, त्यांच्यावर राग नाही, एका माणसाला सगळ्या स्टेशनचं टपाल वाहायला लावल्यावर दुसरं काय होणार.

से आला. एक ओळ. ‘अर्जदारास मुद्देमाल देण्यास हरकत नाही, योग्य तो आदेश व्हावा.’ मी मनात पेढे वाटले. मॅजिस्ट्रेटनी एफआयआर उघडली, पंचनामा उघडला, आणि विचारलं, गेली बोरमाळ २२.४००, मिळाली लगड १३.६००, ही यांचीच कशावरून? आणि उरलेलं कुठे गेलं?

तेव्हा इतकी चिडले होते, पण खरं सांगायचं तर प्रश्न बरोबर होता. उद्या दुसरीच कोणी बाई येऊन माझी लगड म्हणाली तर? पण याचं उत्तर आयओने से मध्ये लिहायचं असतं, की आरोपीने कोणाला विकली ते सांगितलं, त्या सोनाराचा जबाब आहे, त्याने याच गुन्ह्यातली माळ वितळवली. हे सगळं पोलिसांच्या कागदात होतं, से मध्ये नव्हतं. झालं, सविस्तर से मागवा, पुढची तारीख.

वजनाचं कोडं मात्र आईंनी सोडवलं. म्हणाल्या अगं लाख असते ना आत! जुन्या बोरमाळेचे मणी पोकळ, वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख भरलेली, वितळवली की लाख जळून जाते आणि नुसतं सोनं राहतं. दादरच्या त्या सोनाराकडे गेलो, आता मुलगा बसतो दुकानात, त्याने लेटरहेडवर लिहून दिलं की ही माळ आमच्याकडे गाठवायला आली होती, लाखेची होती, अशा माळेत लाखेचं वजन बरंच असतं. पैसे घेतले नाहीत, उलट जुनी वही काढून नोंद दाखवली. ते पत्र, आईंचं प्रतिज्ञापत्र आणि या वेळी मी स्वतः पैरवी हवालदारांकडून पोच घेऊन पाठवलेलं से चं पत्र. पुढच्याच तारखेला ऑर्डर.

आता कायदा काय म्हणतो बघा, म्हणजे माझी चिडचिड कळेल. बीएनएसएसच्या कलम ४९७ मध्ये आहे की माल कोर्टापुढे आला की १४ दिवसांत त्याचं वर्णन लिहायचं, फोटो काढायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत कोणाला द्यायचा ते ठरवायचं. सुप्रीम कोर्टाने तर २००२ सालीच सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या केसमध्ये सांगितलंय की पंचनामा करा, फोटो काढा, बॉण्ड घ्या आणि माल मालकाला द्या, पंधरा दिवस ते महिना यापेक्षा जास्त पोलीस स्टेशनात ठेवू नका. फक्त मेख अशी की आमची लगड ‘कोर्टापुढे’ कधी आलीच नाही, ती पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल खोलीतच, तिचा फक्त रिपोर्ट कोर्टात, त्यामुळे ते १४ दिवस मोजायला सुरुवात कुठून करायची? (अशा मालाला कलम ५०३ लागतं, अर्जावर ते लिहा, आणि सोबत २००२ चा निकाल जोडा.)

ऑर्डर मिळाली तरी संपत नाही. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर बॉण्ड, की विकणार नाही, रूप बदलणार नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करू. मग ऑर्डरची नक्कल. मग मुद्देमाल कारकुनाकडे, लाखेचं सील लावलेली खाकी पुडी दोन पंचांसमोर फोडली, वजन, फोटो, आणि मग आईंच्या तळहातावर अंगठ्याएवढा तो तुकडा. त्यांना त्याची परत बोरमाळ करायचीय, पण रूप बदलायचं तर कोर्टाची परवानगी, म्हणजे नवा अर्ज, म्हणजे परत से. सध्या लॉकरमध्ये आहे.

साक्षीचं राहिलंच. समन्स आलं, हवालदार फोनवर ‘उद्या या’ म्हणाले तरी लेखी समन्स मागून घ्या, ऑफिसला दाखवायला लागतं, आणि साक्ष झाल्यावर तुम्ही हजर होतात असं सर्टिफिकेटही कोर्टातून मागा. पिंजऱ्यात उभं राहण्याआधी सरकारी वकिलांकडून आपला जबाब एकदा वाचून घ्या, एवढ्या महिन्यांनी बारीकसारीक आठवत नाही. सरतपास (सरकारी वकील आधी विचारतात ते प्रश्न) सोपा. उलटतपासात वकील एकामागून एक ‘असं म्हणणं खरं आहे का की’ करत टाकतात, अंधार होता, तुम्हाला चष्मा आहे, पोलिसांनी सांगितलं म्हणून ओळखलं. रागवायचं नाही, ‘हे खरं नाही’ एवढंच, आणि जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’. मी दोनदा म्हटलं, काही बिघडलं नाही. साहेब टायपिस्टला सांगत जातात ते मराठीतच असतं, सही करण्याआधी वाचा, माझ्यात ‘उजव्या’चं ‘डाव्या’ झालं होतं, लगेच दुरुस्त करून दिलं.

साक्षीदार हजर असताना खास कारण लिहिल्याशिवाय तारीख देऊ नये असंही कायद्यात आहे (कलम ३४६). आरोपीचे वकील तारीख मागायला लागले तेव्हा मी हात वर करून सांगितलं की मी रजा काढून आलेय, आणि साहेबांनी माझी साक्ष त्याच दिवशी घेतली. तोंड उघडा, कोणी खात नाही.

जामिनावर सुटलेला आरोपी व्हरांड्यात समोरच बसलेला असतो याची मात्र तयारी ठेवा. आम्हाला काही त्रास झाला नाही. पण कोणी धमकी दिली तर गप्प बसू नका, २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने मान्य केलेली, अर्ज करता येतो, आणि सरकारी वकिलांना त्याच दिवशी सांगा.

आणखी आठवलं तसं. अर्जाला स्वतःचा वेगळा सीएनआर नंबर (कोर्टाच्या नोंदीतला ओळख क्रमांक) असतो, केसचा वेगळा, दोन्ही लिहून ठेवा, ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख घरबसल्या दिसते. तपासाचं काय झालं ते पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं, आम्हाला आलं नाही, मी लेखी मागितल्यावर आलं. साक्षीदाराला भत्ता मिळतो, रिक्षाभाडंही सुटणार नाही इतका, तरी मागा. आणि वकिलाला पैसे आम्ही दिलेच नाहीत, बायकांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाईन १५१००. आमची वकील मुलगी नवीन होती, पण पैरवी हवालदारांची बॅग उघडायला लावली तेव्हा तीच माझ्यासोबत उभी होती.