तोबरा, बादली आणि नवी घोडी

वरातीला घोडी द्यायचा धंदा आमच्या आजोबांपासूनचा. फुलेवाडीत तबेला. लगीनसराईत एखादी घोडी खोकली की गल्लीतलं ठरलेलं निदान येतं, "हवा बदललीया, दादा." सगळा आळ हवेवर, आणि बादली नामानिराळी!

हवेचा हात नसतो असं नाही. घोड्यांचा फ्लू खोकल्याच्या तुषारांतनं उडतो आणि एक ते तीन दिवसांत शेजारचं जनावर तापतं. पण २००८ साली जम्मूकडं कटऱ्याच्या घोड्या-खेचरांत दिसलेला फ्लू पुढं कितीतरी राज्यांत गेला, तो काय वाऱ्यावर? ट्रकात चढलेली जनावरं घेऊन गेली.

कार्यालयाच्या मागं जाऊन बघा. तीन वरातींचे घोडे, नळ एक, बादली एक. पहिला घोडा नाक बुडवून पितो, फुरफुरतो, पाण्यावर शेंबडाची तार तरंगत राहते. त्याच पाण्यात दुसऱ्याचं तोंड. लगाम, तोबरा, नाक पुसायचं फडकं, मोतद्दाराचे हात, सगळे तेच काम करतात.

घोड्यांचा हर्पीस विषाणू तर महाबिलंदर. एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून बसतो. लांबचा प्रवास, गर्दी, बँडचा दणका असा ताण आला की परत उठतो, आणि वरून धडधाकट दिसणारी घोडी तो नाकातनं सांडत फिरते. गाभण घोडीनं शिंगरू टाकलं, तर ते आणि वार विषाणूनं भरलेली असते. ते हातमोजे घालून उचलायचं, कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायचं नाही. जागा धुवून होईस्तोवर तिकडं दुसरं जनावर न्यायचं नाही.

या दोन्ही विषाणूंवर चरबीचं पातळ आवरण असतं, त्यामुळं साबणानं ते मरतात. पण लिदीनं माखलेल्या बादलीत फिनेल ओतलं तर औषधाचा जोर लिदीतच जिरतो. आधी घासायचं, मग औषध, मग उन्हात पालथी.

डासांचं गणित वेगळं. मेंदूज्वराचा जपानी विषाणू डुकरं-बगळ्यांकडनं डासामार्फत येतो, घोड्याकडनं पुढं जात नाही. तिथं बादली खरंच निर्दोष.

अकलूजच्या बाजारातनं आणलेली नवी घोडी सध्या तीन आठवडे मागच्या पत्र्याच्या शेडात आहे. तिची बादली वेगळी, तिच्यावर लाल पट्टा. चारा-पाणी, खरारा सगळं तिचं शेवटी. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावतो. साडेअडतीस सेल्सिअसच्या वर काटा गेला की डॉक्टरांना फोन. नालबंदालाही तिच्याकडं शेवटीच सोडतो. तो वैतागतो, चहा जास्त पितो.