मेटचा पेपर आणि आमच्या बिल्डिंगची लिफ्ट

सीपीएलचे (कमर्शियल पायलट लायसन्सचे) बाकीचे पेपर कसे निघाले ते लिहीत नाही, परीक्षेचा कॉम्प्युटर नंबर, फॉर्म, फी सगळं वेळेत झालं. अडकले ती मेटला (मेटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानशास्त्र), आणि मेटमध्येही अल्टिमेट्रीला (हवेच्या दाबावरून उंची काढणं). पास व्हायला ७० टक्के लागतात, मला पहिल्यांदा ६४ पडले.

राग आहे तो क्लासवर, अजूनही आहे. नवी मुंबईतलाच आहे, नाव लिहीत नाही. क्वेश्चन बँक द्यायची आणि पाठ करा म्हणायचं, एवढंच. मी विचारलं, सर, हाय प्रेशरकडून लो प्रेशरकडे उडत गेलं की अल्टिमीटर (विमानातला उंची दाखवणारा मीटर) खऱ्यापेक्षा जास्त का दाखवतो? तर म्हणे, "अगं उत्तर बी आहे, टिक कर न् पुढे जा." पेपरात आकडे बदलून आले आणि मला एकही गणित मांडता येईना. उद्या विमानात बसणारी मुलं आहेत ही, त्यांना असं शिकवतात?

मग पुढच्या सेशनची वाट बघत घरी बसले, घोडबंदरला. माझ्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे (हवेचा दाब मोजणारा सेन्सर, सगळ्या फोनमध्ये नसतो, आधी बघून घ्या), तो घेऊन लिफ्टने गेले. खाली प्रेशर १००५ हेक्टोपास्कल, बाविसाव्या मजल्यावर ९९७. उंची साधारण ६६ मीटर म्हणजे २१६ फूट, भागिले ८, बरोब्बर २७ फुटाला एक हेक्टोपास्कल! पुस्तकातला आकडा आमच्या लिफ्टमध्ये निघाला, मी दोनदा वरखाली करून खात्री केली.

पण खरं डोक्यात शिरलं ते दुपारी. सकाळी १० वाजता गेटपाशी ॲपमध्ये उंची शून्य लावून ठेवलेली, ४ वाजता त्याच जागी, वॉचमन काकांच्या खुर्चीशेजारी उभी, तर ॲप म्हणतं ८० फूट. मी हलले नाही, प्रेशर १००२ वर उतरलं होतं. आपल्याकडे प्रेशर रोज सकाळ-रात्री १० च्या सुमाराला वर आणि पहाटे-दुपारी ४ च्या सुमाराला खाली असतं (हाही प्रश्न येतो बरं). अल्टिमीटरला फक्त प्रेशर कळतं, प्रेशर कमी झालं की त्याला वाटतं आपण वर चढलो. तो जास्त दाखवतो आणि आपण प्रत्यक्षात खाली असतो, पावसात डोंगराजवळ हे किती भयंकर आहे विचार करा. जूनमध्ये क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशोबातलं तिथलं प्रेशर, जे अल्टिमीटरवर लावायचं असतं) १००४ असताना स्टँडर्ड १०१३ च ठेवलं तर जवळजवळ अडीचशे फुटांची चूक. हे समजावायला पाच मिनिटं लागतात हो, ती पाच मिनिटं त्या क्लासमध्ये कोणाकडे नव्हती.

त्यानंतर रोज मुंबईचा मेटार (विमानतळाचा हवामान रिपोर्ट) वहीत उतरवायला लागले, तुम्हीही करा, दर अर्ध्या तासाने येतो. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवायचे, मी सुरुवातीला विसरायचे. तापमान २९ आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी व्हायला लागते) २५ असेल तर फरक ४ गुणिले ४०० (दर अंशाला ४०० फूट), म्हणजे क्युम्युलसचा (कापसासारख्या ढगाचा) तळ साधारण १६०० फुटांवर. ट्रान्स-हार्बरने वाशीला जाताना पारसिकच्या डोंगरावर ढग टेकलेले दिसतात, तेव्हा हा हिशोब मनात करायचा, ओरोग्राफिक लिफ्टिंग (डोंगरामुळे हवा वर ढकलली जाणं) खिडकीतून दिसतं.

आयएसए (ठरवून दिलेलं स्टँडर्ड वातावरण) मात्र पाठच करा, समुद्रसपाटीला १५ अंश आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल, वर जाताना हजार फुटाला १.९८ अंश कमी, ३६,०९० फुटांवर ट्रोपोपॉज (जिथे तापमान उतरायचं थांबतं). आणि भारताचं हवामान शेवटच्या दिवशी ठेवू नका, काळबैसाखी (पूर्व भारतातली उन्हाळ्यातली वादळं), वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येऊन उत्तर भारतात हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारी) यावर बरंच विचारतात.

दुसऱ्यांदा ८२ आले. अल्टिमेट्रीचं प्रत्येक गणित मी कागदावर मांडून सोडवलं. क्लासकडे अर्धी फी परत मागितलीय, तीन मेल केले, अजून उत्तर नाही.