१२३५यू की ५६२५यू? आधी वॅट विचारा

लॅपटॉपचे दोन प्रोसेसर: इंटेल कोअर आय५-१२३५यू आणि एएमडी रायझेन ५ ५६२५यू. दोन्ही २०२२च्या सुरुवातीला आले, दोन्ही कागदावर १५ वॅटचे आणि दोन्हींचे थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) १२. सध्या सेकंडहँड लॅपटॉप शोधणाऱ्यांपुढे ही जोडी हमखास येते. यातला कुठला चांगला, हे एका वाक्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कारण त्या १५ वॅटचा अर्थ दोन्हीकडे वेगळा आहे.

५६२५यूमध्ये झेन ३चे (एएमडीच्या कोअरची एक पिढी) सहा एकसारखे कोअर, १६ एमबी एल३ कॅश (चिपमधली झटपट मेमरी) आणि ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट, म्हणजे कमाल वेग. १२३५यूमध्ये दोन मोठे पी-कोअर (४.४ गिगाहर्ट्झपर्यंत), आठ छोटे ई-कोअर (३.३ पर्यंत) आणि १२ एमबी कॅश. ई-कोअरला हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) नाही, म्हणून ४ अधिक ८ असे १२ थ्रेड. ‘दहा कोअर’ ऐकून हुरळून जायचं कारण नाही. आणि १२३५यू विंडोज ११वरच चालवा. कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकायचं, याचे चिपकडून मिळणारे इशारे विंडोज १० नीट वापरत नाही.

आता वॅट. इंटेलच्या तक्त्यात १५ वॅट ही बेस पॉवर आहे; टर्बोची कमाल मर्यादा ५५ वॅट. साधारण अर्धा मिनिट चिप जोरात पळतो, मग लॅपटॉप कंपनीने ठरवलेल्या दीर्घ मर्यादेवर येतो. ही मर्यादा पातळ मशीनमध्ये १५ वॅट असते, जाड मशीनमध्ये २५ किंवा त्याहून जास्त. त्यामुळे एकाच १२३५यूचे दोन लॅपटॉप दोन वेगळ्या प्रोसेसरसारखे वागतात. एएमडीकडेही कंपनीला १० ते २५ वॅटमध्ये मर्यादा ठरवता येते, पण तिथे एवढी मोठी उडी नसते.

म्हणून तपासायची रीत अशी. सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची मल्टीकोअर चाचणी पूर्ण दहा मिनिटं चालवा आणि बाजूला सेन्सरचे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवा. त्यात सीपीयू पॅकेज पॉवर (पूर्ण चिप खात असलेले वॅट), कोअरचा वेग आणि तापमान एवढंच बघायचं. पहिल्या वीस-तीस सेकंदांतला आकडा सोडून द्या. पाचव्या मिनिटानंतर वॅट जिथे स्थिरावतात ती त्या मशीनची खरी मर्यादा. वॅट स्थिर आणि तापमान आटोक्यात असेल तर मर्यादा कंपनीने घातली आहे. तापमान ९५ अंशांच्या आसपास आणि वॅट हळूहळू उतरत असतील तर बहुधा पंख्यात धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली आहे. नागपुरात मे महिन्यात पंख्याखाली घेतलेला आकडा आणि एसीत घेतलेला आकडा एका तक्त्यात मांडू नका.

नुसता स्कोअर बघण्यापेक्षा एक ठरावीक काम द्या. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे तीच व्हिडिओ फाइल, तीच सेटिंग. लागलेले सेकंद गुणिले सरासरी वॅट म्हणजे खर्च झालेली ऊर्जा, ज्यूलमध्ये. समजा एकाला २५ वॅटवर ३०० सेकंद लागले: ७,५०० ज्यूल. दुसऱ्याला १५ वॅटवर ४०० सेकंद: ६,००० ज्यूल. दुसरा हळू, पण काटकसरी. स्क्रीन, रॅम, एसएसडी मिळून ४ वॅट धरले तर हेच ८,७०० आणि ७,६०० होतात. म्हणजे फरक दीड हजारावरून अकराशेवर येतो. काम लांबलं की बाकीचं मशीनही तेवढा वेळ खात बसतं.

इथे एक खोच आहे. पॅकेज पॉवर हा चिपने स्वतःच दिलेला आकडा आहे, आणि दोन्ही कंपन्यांची मोजणी सारखी नाही. भिंतीवरच्या वॅटमीटरने मोजत असाल तर बॅटरी आधी १०० टक्के भरलेली हवी, नाहीतर चार्जिंगची वीजही हिशोबात येते. एचडब्ल्यूइन्फोमधला बॅटरी डिस्चार्जचा आकडा संपूर्ण मशीनचा असतो, म्हणून मला तो जास्त पटतो. मात्र चार्जर काढला की बरेच लॅपटॉप मर्यादा खाली आणतात. त्यामुळे बॅटरीवरची तुलना बॅटरीवरच करायची.

निकालाचं म्हणाल तर सिनेबेंच आर२३च्या सिंगल-कोअरमध्ये १२३५यू साधारण १,६००च्या घरात, ५६२५यू १,४००च्या आसपास. एक्सेल, टॅली, ब्राउझर यांत इंटेल चटपटीत वाटतो तो त्यामुळे. सगळे कोअर तासभर राबवायचे आणि मर्यादा १५ वॅटची, तर ५६२५यू पुढे. २५-३० वॅट मिळाले की १२३५यू ती पिछाडी भरून काढतो, पण बॅटरी आणि पंख्याच्या आवाजाच्या जिवावर.

हलक्या कामात मात्र बॅटरी टिकते ती स्क्रीनवर आणि वॅट-अवरवर, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेवर. जुना लॅपटॉप घेताना विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवून बघा. प्रोसेसरच्या वादापेक्षा तिथेच जास्त तास सापडतील.

व्हिडिओत इंटेल सरळ सरस आहे. त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा डीकोडर आहे. ५६२५यूच्या व्हेगा ग्राफिक्समध्ये नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवलं की ते काम कोअरवर पडतं. ब्राउझरमध्ये एव्ही१ बंद करणारं एक्स्टेन्शन टाका, मग व्हीपी९ हा जुना फॉरमॅट येतो आणि तो व्हेगा आरामात पेलतो. उलट इंटेलवर रॅमची एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव आयरिस एक्सईऐवजी यूएचडी दिसतं आणि ग्राफिक्सही तेवढं मंदावतं. रिकामा स्लॉट असेल तर दुसरी स्टिक घाला. व्हेगालाही त्याचा तेवढाच फायदा होतो.

दुकानात ५६२५यूऐवजी ७५३०यू दिसला तरी हरकत नाही. तोही सहा कोअरचा झेन ३च, बूस्ट ४.५चा. पण ७५२०यू म्हणजे चार कोअरचा झेन २. या ७०००च्या मालिकेत तिसरा आकडा झेनची पिढी सांगतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.