पेन्सिलीने लिहिलेलं उत्तर

परवा ओरोसला कलेक्टर कचेरीत जाऊन आलो. नव्या तीनशे पंधरा बोरच्या रायफलीची बंदुकीच्या परवान्यावर नोंद करून घ्यायची होती. टेबलापलीकडच्या बाईंनी परवाना उघडला, आधीच्या दोन नोंदींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दोनच ठेवता येतात. यातली कुठली काढायची?"

मी म्हटलं, "ती छोटी."

क्षणभरही थांबलो नाही. बाईंनीच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आत्ता पेन्सिलीने लिहिते. सोमवारी पक्कं सांगा." कणकवलीपर्यंत काही वाटलं नाही. नांदगावला गाडी देवगडकडे वळवली आणि पोटात खड्डा पडला. तेव्हापासून माझाच आवाज कानात आहे. ती छोटी.

निर्णय चुकीचा नाही, हे मला कळतं. कालपासून चार वेळा सगळं पुन्हा मांडून पाहिलं. 2019 च्या डिसेंबरात कायदा बदलला, माणशी तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आली. भात पोटरीला आलंय आणि डुकरं रोज रात्री खालच्या मळ्यापर्यंत येतायत. वनखात्याची परवानगी मिळाली तरी छोटीने, म्हणजे पॉइंट टूटू रायफलीने, डुकरावर गोळी टाकणं हे पाप आहे. अडीच ग्रॅमची ती गोळी. जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत शिरतं आणि दुसऱ्या दिवशी लाकडं गोळा करायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं. सड्यावर, मागे उतार बघून, तीनशे पंधराच लागते. आणि घराजवळ तीनशे पंधरा चालत नाही, कारण तिची गोळी वाडी ओलांडून पलीकडच्या गावात जाईल. तिथे बाराबोर हवी, तिचे छरे जवळच पडतात. म्हणजे या दोघींना काम आहे. छोटीला नाही.

रायफल क्लबच्या सभासदाला सरावासाठीची पॉइंट टूटू या मोजणीत धरत नाहीत, ही सूट कायद्यातच आहे. काल रात्री तेही मनात येऊन गेलं. पण मी कुठल्या क्लबात नाही, आणि वडिलांची बंदूक राखायला म्हणून खोटा खेळाडू होणं त्यांना, अण्णांना, आवडलं नसतं.

हिला सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे ना, लोखंडच ते." काका म्हणाले, "ठेवन काय करतलंस ती?" मुंबईला फोन केला तर तिकडून नुसतं "बरं". त्या "बरं"बद्दल आज लिहीत नाही. पण या घरात अण्णांच्या वस्तूंचा हिशोब ठेवणारा मी एकटाच उरलोय, हे काल जेवताना फार जाणवलं. घास उतरला नाही.

मुंबई सोडून आलो त्या वर्षी अण्णांनी मला विहिरीमागे नेलं. दरडीला तीन करवंट्या लावल्या. मी म्हटलं, गडग्यावर ठेवू, दिसतील नीट. तर म्हणाले, "दगडावरून गोळी उडते. माती गोळी पोटात घेते." एवढीशी गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते, म्हणून आधी करवंटीच्या मागे काय आहे ते बघायचं, मग करवंटी. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकही काडतूस दिलं नाही. नुसतं बघायला लावलं. आजही चापाजवळ बोट नेण्याआधी माझी नजर पलीकडे जाते. गाडी मागे घेताना, झाडावरून फांदी तोडून खाली टाकतानासुद्धा.

आणि तोच मी विचार न करता बोललो. तेच सलतंय. बंदूक जाण्याचं दुःख आहेच, पण मी पलीकडे बघितलं नाही.

आज दुपारी ती बाहेर काढली. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. आतले आटे अजून लख्ख आहेत. पण बाहेरून, नेम धरायच्या पुढच्या माशीच्या मागे, तिळाएवढे तीन गंजाचे ठिपके. 2024 च्या लोकसभा निवडणुकीमुळे मार्चमध्ये पोलिसांत जमा केली आणि मृगाच्या पावसात परत आणली, तेव्हाचे हे. देताना ग्रीसचा हात जाड मारायला हवा होता. बाराबोरला मारला होता. हिला मारला नव्हता. आमच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला एवढी हयगय पुरते.

म्हणजे ओरोसला पहिल्यांदा बोललो असं नाही. दीड वर्षापूर्वीच हात बोलून गेला होता.

हे कळल्यावर का कोण जाणे, जरा मोकळं वाटलं. ठिपक्यांवर तेल सोडून तासभर बसलो. लेकीच्या नावावर करता येते का तेही पाहिलं. हयातीत वारसाला द्यायची तर माझं वय 70 हवं, नाहीतर हत्यार 25 वर्षं माझ्याकडे असायला हवं. अण्णा 2011 ला गेले, तेव्हा ती माझ्याकडे आली. म्हणजे 2036. तोवर पेटीत ठेवून गंज बघत बसायचं? कोल्हापूरच्या दुकानदाराने सांगितलंय, एक मास्तर आहेत, परवाना आहे, हौसेने निशाणी मारतात, छोटीच शोधतायत. महिन्यातून दोनदा तरी ती बाहेर निघेल. कुणीतरी नळीतून चिंधी ओढेल.

ठिपक्यांपैकी दोन निघाले. तिसरा खोल गेलाय, तो राहणार. मास्तरांना तो आधीच दाखवायचा, आणि खोबरेल लावू नका, चिकटून बसतं, हेही सांगायचं.

सोमवारी पहिल्या गाडीने ओरोसला. बाईंना सांगेन, पेनाने लिहा. छोटीच.