आधी आईबाबांचं ऐकून घ्या, मग मुलाचं बोला

मुलांची थेरपी म्हटलं की लोकांना खेळणी आणि रंगपेटीच दिसते, पण अर्धं काम आईबाबांसोबत असतं आणि खरं सांगू, तेच जास्त कठीण. माझ्याकडे दादरला येणारे पालक बहुतेक ऑफिस सुटल्यावर लोकलचे धक्के खाऊन येतात आणि बसल्या बसल्या सुरू, "तो मुद्दाम करतो हो मॅडम". म्हणजे पोराच्या मनात काय चाललंय ते यांना आधीच पक्कं ठाऊक, मग विचारायचं कशाला!

मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी वगैरे मंडळी ज्याला मेंटलायझिंग म्हणतात ते म्हणजे थोडक्यात हेच, की वागण्यामागे एक मन असतं आणि दुसऱ्याच्या मनाचा आपण फक्त अंदाज लावू शकतो. १९९१ च्या त्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात गरोदर बायकांना स्वतःच्या लहानपणाबद्दल विचारलं होतं, आणि त्या ते कसं सांगतात यावरून बाळ वर्षाचं झाल्यावर त्याची आईशी अटॅचमेंट, म्हणजे भावनिक नातं, सुरक्षित असेल का याचा बऱ्यापैकी अंदाज आला, तोही बाळ जन्मायच्या आधीच.

गोची अशी की डोकं तापलं की हीच क्षमता पहिली बंद पडते. त्यामुळे चिडलेल्या आईला "त्याच्या जागी राहून बघा" सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एक आई (दोन-तीन घरांचं मिसळून सांगतेय) मुलाने गणिताची वही फाडली म्हणून संतापलेली. मी मुलाचा विषयच काढला नाही, तुम्हाला तेव्हा काय झालं एवढंच विचारलं. तर म्हणाली, सासूबाई समोरच बसल्या होत्या, त्यांना वाटलं असणार हिला पोर सांभाळता येत नाही. मग जरा रडली, पाणी प्यायली, आणि आपणहूनच म्हणाली, "मी आजीसमोर ओरडले त्याची लाज वाटली असेल का त्याला?" खरं असेल नसेल, पण 'असेल का' आलं ना, मला तेवढं पुरे.

रील्स बघून आलेले पालक मात्र वेगळीच केस, अटॅचमेंट, ट्रॉमा सगळं तोंडपाठ, पण काल मुलगी शाळेतून आली तेव्हा चेहरा कसा होता विचारा, गप्प. त्यांच्याशी मी थिअरी बोलतच नाही, कालचं जेवण सांगा म्हणते, कोण कुठे बसलं होतं, ती काय बोलली, टीव्ही चालू होता का.